बंद केलेला अँटिव्हायरस, न निघालेला ड्रायव्हर: एका संगणकाचे प्रकरण

तक्रारी तीन होत्या. सकाळी संगणक सुरू केल्यावर पहिली पाच-सहा मिनिटे काही उघडत नाही. हिशेबाचा प्रोग्रॅम दिवसभर रखडतो. आणि आठवड्यातून एकदोनदा, बहुधा दुपारच्या बॅकअपच्या सुमारास, ब्लू स्क्रीन येऊन मशीन आपोआप रीस्टार्ट होते.

मशीन साधेच आहे. विंडोज ११, चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, साटा एसएसडी. त्यावर एका कंपनीचा पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस, दुसऱ्या कंपनीचा बॅकअप प्रोग्रॅम, हिशेबाचा प्रोग्रॅम आणि ऑफिसची नेहमीची कामे. काही महिन्यांपूर्वीपर्यंत अँटिव्हायरस वेगळा होता. त्याची मुदत संपल्यावर तो काढून नवा टाकला होता. (अशा तक्रारी ज्या साच्यात येतात तो साचा इथे एका मशीनवर मांडला आहे. सेकंद-मिनिटांचे आकडे प्रातिनिधिक समजावेत.)

आधी काय करून झाले होते, तेही पाहायला हवे. रॅम बदलली, फरक नाही. विंडोजच्या सिस्टिम फाइल्स दुरुस्त करून झाल्या, फरक नाही. एका दुपारी अँटिव्हायरसचे ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ बंद ठेवून बॅकअप चालवला, तरी ब्लू स्क्रीन आलाच. त्यावरून अँटिव्हायरस निर्दोष ठरला आणि तपास हार्डवेअरकडे वळला. सगळा घोळ या शेवटच्या चाचणीने केला. खिडकीतले बटण बंद केल्याने तपासणी थांबते. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसलेला त्याचा ड्रायव्हर (गाभ्यात चालणारा छोटा प्रोग्रॅम) जागचा हलत नाही. तो फाइलची प्रत्येक मागणी अडवतो, बघतो आणि पुढे सोडतो. क्रॅशचा संबंध या अडवण्याशी असेल, तर बटणाने काहीच सिद्ध होत नाही. कोणता ड्रायव्हर रस्त्यात उभा आहे आणि तो खरोखर काढल्यावर काय होते, एवढाच प्रश्न कामाचा.

पुरावा पुसण्याआधी

ब्लू स्क्रीनच्या तक्रारीत पहिले काम दुरुस्तीचे नसते, पुरावा राखण्याचे असते. सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढली, म्हणजे निळ्या पडद्यावरचा कोड वाचता येतो. तिथेच डम्पचा (क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होते त्याच्या नोंदीचा) प्रकार ‘ऑटोमॅटिक मेमरी डम्प’ आहे ना ते पाहिले. डम्प लिहिला जाण्यासाठी सी ड्राइव्हवर पेज फाइल (मेमरीला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) लागते. ‘वेग वाढवण्यासाठी’ कोणी ती बंद केली असेल, तर क्रॅश होतो पण मागे काही उरत नाही. ‘क्लीनर’ जातीचे प्रोग्रॅम विंडोज फोल्डरातले मिनीडम्प (डम्पच्या छोट्या आवृत्त्या) कचरा समजून उडवतात. या मशीनवर असा एक प्रोग्रॅम होता. त्यातली ती खूण आधी काढली.

मग इव्हेंट व्ह्यूअर, सिस्टिम लॉग. प्रत्येक अवेळी रीस्टार्टनंतर तिथे ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद येते. नाव वाचून अनेक जण पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ही नोंद फक्त एवढेच सांगते की आधीचे बंद होणे रीतसर नव्हते. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ असतो आणि तो दशमान पद्धतीत असतो. तिथे शून्य असेल तर वीज गेली, बटण दाबून बंद केले, किंवा कोड नोंदवायलाही वेळ मिळाला नाही. इथे प्रत्येक नोंदीत १२७ होते. सोळाच्या पायात १२७ म्हणजे ७एफ. ‘बगचेक’च्या १००१ क्रमांकाच्या नोंदीत तोच कोड ०एक्स७एफ असा दिसतो आणि कंसातला पहिला आकडा होता ८.

या जोडीचा अर्थ पक्का आहे. ०एक्स७एफ म्हणजे ‘अनएक्स्पेक्टेड कर्नल मोड ट्रॅप’, आणि पहिला घटक ८ म्हणजे डबल फॉल्ट. एक चूक हाताळत असतानाच प्रोसेसरला दुसरी चूक लागली. याचे नेहमीचे कारण कर्नल स्टॅक, म्हणजे चालू कामाची तात्पुरती टिपणे ठेवण्याची मेमरीतली जागा, संपणे. ६४-बिट विंडोजमध्ये एका थ्रेडला (कामाच्या एका धाग्याला) कर्नलमध्ये सहसा २४ केबी स्टॅक मिळतो आणि तो गरजेप्रमाणे वाढत नाही. ३२-बिटमध्ये तर १२ केबीच असे. ड्रायव्हरने ड्रायव्हरला, त्याने पुढच्याला हाक मारत जाताना प्रत्येक हाक त्यातले काही शे बाइट खाते, काही हावरट ड्रायव्हर एकदोन केबीही खातात.

रॅमवर खापर का फुटले, तेही डम्पमध्येच दिसते. तीन मिनीडम्प विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या डम्प वाचण्याच्या साधनात उघडून ‘अ‍ॅनलाइझ’ची कमांड चालवली, तर ‘बहुधा कारण’ म्हणून तीन वेगळी नावे आली: एकदा एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइल सिस्टिमचा) ड्रायव्हर, एकदा फिल्टर मॅनेजर (फाइलच्या मागण्या अडवणाऱ्या ड्रायव्हरांना सांभाळणारा विंडोजचा भाग), एकदा खुद्द विंडोजचा कर्नल. वेगवेगळी नावे म्हणजे खराब रॅम, असा ठोकताळा लोक लावतात. पण स्टॅक संपतो तेव्हा नाव येते ते त्या क्षणी शेवटचा घास घेणाऱ्याचे; आधी कोणी किती खाल्ले याचा त्यात पत्ता नसतो. रॅम खराब असेल तर सहसा कोडही बदलत राहतात. इथे नावे बदलत होती, कोड मात्र दर वेळी तोच, पहिला घटकही तोच. एवढ्यावरून रॅमचा संशय जवळजवळ मिटायला हवा होता.

पुढे स्टॅकची यादी ‘के-एन-एफ’ या कमांडने काढली. ही कमांड प्रत्येक पायरीने किती बाइट वापरले ते बाजूला लिहून देते. मिनीडम्प छोटा असला तरी क्रॅश झालेल्या थ्रेडचा स्टॅक आणि लोड झालेल्या ड्रायव्हरांची यादी त्यात असतेच. या कामाला तेवढे पुरते. खालून वर वाचत गेल्यावर चित्र स्पष्ट झाले. बॅकअपने फाइल उघडली, फिल्टर मॅनेजर, एक अनोळखी ड्रायव्हर, दुसरा, तिसरा, मग पुन्हा फाइल उघडण्याची मागणी, पुन्हा फिल्टर मॅनेजर, पुन्हा तेच तिघे. एकाच फाइलसाठी दोन फेऱ्या. तिघांपैकी एका ड्रायव्हरची तारीख विनडीबीजीतल्याच ‘एल-एम-व्ही-एम’ या कमांडने पाहिली, तर ती नव्या अँटिव्हायरसच्या कितीतरी आधीची निघाली. कंपनीचे नाव जुन्या, ‘काढून टाकलेल्या’ अँटिव्हायरसचे.

रस्त्यात कोण उभे आहे

डम्पने सांगितलेले चालू मशीनवर पडताळायला एक छोटी कमांड पुरते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएलटीएमसी’ लिहायचे, एंटर दाबायचे. फाइल सिस्टिमच्या वाटेवर बसलेले सगळे मिनीफिल्टर (मागण्या अडवणारे ड्रायव्हर), ते किती व्हॉल्यूमना (डिस्कच्या भागांना) चिकटले आहेत तो आकडा आणि प्रत्येकाची ‘अल्टिट्यूड’ समोर येते. अल्टिट्यूड म्हणजे रांगेतली जागा. आकडा जितका मोठा, तितकी मागणी त्याच्याकडे आधी जाते. हे आकडे मायक्रोसॉफ्ट वाटून देते आणि कामानुसार पट्टे ठरलेले आहेत: हालचालींवर नजर ठेवणारे ३६०००० ते ३८९९९९, अँटिव्हायरस ३२०००० ते ३२९९९८, एन्क्रिप्शनवाले १४००००च्या पुढे. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर या अँटिव्हायरसचा फिल्टर ३२८०१० वर बसतो. त्यामुळे अनोळखी नाव दिसले तरी नुसत्या आकड्यावरून ते कोणत्या धंद्यातले आहे ते कळते.

या मशीनवर वरून खाली असे दिसले:

३६०००० ते ३८९९९९ च्या पट्ट्यात एक: बॅकअप प्रोग्रॅमचा, रॅन्समवेअरविरोधी (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसविरुद्धचा).
३२०००० ते ३२९९९८ च्या पट्ट्यात दोन: एक नव्या अँटिव्हायरसचा, एक जुन्याचा.
त्याखाली विंडोजचे नेहमीचे: स्टोरक्यूओएसफ्लट २४४०००, फाइलक्रिप्ट १४११००, एलयूएएफव्ही १३५०००, एनपीएसव्हीसीट्रिग ४६०००, डब्ल्यूओएफ ४०७००.

विंडोज सिक्युरिटीच्या पानावर मात्र एकच अँटिव्हायरस दिसत होता, कारण ते पान प्रोग्रॅमने केलेल्या नोंदणीवर चालते. जुन्याच्या अनइन्स्टॉलरने नोंदणी पुसली, सर्व्हिस काढली, प्रोग्रॅमचा फोल्डर काढला. ड्रायव्हरची फाइल त्या वेळी वापरात होती, म्हणून ती पुढच्या रीस्टार्टला काढायची होती. तो रीस्टार्ट त्या वेळी झाला नाही. त्याच बैठकीत नव्याचे इन्स्टॉलेशन सुरू केले गेले आणि संध्याकाळी मशीन ‘शट डाउन’ केले गेले. इथे आणखी एक खाच आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज कर्नलची अवस्था डिस्कवर साठवते आणि सकाळी तीच परत उचलते. ड्रायव्हर नव्याने लोड होतात ते ‘रीस्टार्ट’ केल्यावर. ‘रोज तर बंद करतो’ हे उत्तर म्हणून ग्राह्य धरू नये. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथला ‘अप टाइम’ पाहावा. रोज शट डाउन होणाऱ्या मशीनवर तिथे कित्येक दिवस दिसले, तर भानगड हीच. जुना ड्रायव्हर राहिला, नवा शेजारी येऊन बसला आणि नव्याच्या इन्स्टॉलरने त्याची दखल घेतली नाही, कारण तोही नोंदणीच पाहतो.

आता दोन फेऱ्यांचे कोडे सुटते. फिल्टरला फाइल तपासायची तर ती स्वतः उघडावी लागते. नीट लिहिलेला मिनीफिल्टर यासाठी फिल्टर मॅनेजरचे फंक्शन वापरतो; मग त्याची मागणी त्याच्या खालच्यांकडेच जाते. जुन्या घडणीचा ड्रायव्हर कर्नलचे साधे फाइल उघडण्याचे फंक्शन वापरतो आणि ती मागणी रांगेच्या अगदी वरून सुरू होते. एकाच रस्त्यावर तीन नाके, आणि तिसऱ्या नाक्यावरचा माणूस गाडी परत पहिल्या नाक्याकडे पाठवणारा. दुसऱ्या फेरीत तो आपलीच मागणी ओळखून सोडून देतो, म्हणून हे अनंतकाळ चालत नाही. पण तोवर स्टॅकचा बराच भाग संपलेला असतो.

मग क्रॅश बॅकअपच्याच वेळी का, आणि रोज का नाही? बॅकअप प्रोग्रॅम आधी व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेतो आणि त्यातून फाइल्स वाचतो. फिल्टरच्या लेखी स्नॅपशॉट हा नवाच व्हॉल्यूम, त्यामुळे ‘ही फाइल आधी तपासली आहे’ ही आठवण तिथे कामाला येत नाही. प्रत्येक फाइल नव्याने तपासली जाते. शिवाय एनटीएफएसच्या खाली स्नॅपशॉटचा ड्रायव्हर आपला वाटा घेतो. वाचताना नेमका पेज फॉल्ट आला, म्हणजे हवा तो मजकूर मेमरीत नसून डिस्कवरून आणावा लागला, तर एनटीएफएसमध्ये त्याच स्टॅकवर आणखी एक फेरी होते. हे सगळे एकाच वेळी जुळून आले तर २४ केबी ओलांडले जातात, नाही आले तर बॅकअप सुखरूप होतो. आठवड्यातून एकदोनदा हे प्रमाण तिथून येते.

काढणे

इथे घाई महागात पडते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

बिटलॉकर (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे का ते पाहून रिकव्हरी की आधी मशीनबाहेर लिहून घेतली. सेफ मोडच्या (मोजक्याच ड्रायव्हरांनिशी विंडोज सुरू करण्याच्या) वाटेवर ती मागितली जाऊ शकते आणि तेव्हा ती त्याच बंद मशीनमध्ये असून उपयोग नसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरचे विंडोज संगणक पाडले. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाखांचा होता. उपाय एका ओळीचा होता: सेफ मोडमध्ये जाऊन २९१ क्रमांकाची चॅनल फाइल पुसणे. तरी तो करायला अनेक ठिकाणी दिवसच्या दिवस लागले, त्यात या रिकव्हरी कीच्या शोधाचा वाटा मोठा होता. दुसरे, अकाउंटचा पासवर्ड माहीत असू द्यावा, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही. तिसरे, संपूर्ण सिस्टिमची इमेज बाहेरच्या डिस्कवर घेतली.

ड्रायव्हर तात्पुरता उतरवण्यासाठी ‘एफएलटीएमसी अनलोड’ आणि पुढे फिल्टरचे नाव, अशी सोय आहे. सुरक्षेचे ड्रायव्हर सहसा ती मागणी नाकारतात, आणि ते योग्यच आहे. नाहीतर व्हायरसनेही हेच केले असते. इथेही नकार आला. ‘एमएसकॉन्फिग’मधून क्लीन बूट करणे हा दुसरा लोकप्रिय सल्ला या जातीच्या दोषाला लागू पडत नाही. त्यात सर्व्हिसेस आणि स्टार्टअप प्रोग्रॅम बंद होतात. बूटच्या वेळी लोड होणारे ड्रायव्हर तसेच राहतात.

जुन्या कंपनीचे स्वतंत्र रिमूव्हल टूल आधीच उतरवून ठेवले, मशीन सेफ मोडमध्ये सुरू केले, टूल चालवले आणि ‘रीस्टार्ट’ केले. नंतर तीन ठिकाणी खात्री केली: एफएलटीएमसीच्या यादीत नाव नाही, सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात फाइल नाही, आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) सर्व्हिसेसखाली त्या नावाची की नाही.

टूल उपलब्ध नसेल तर रजिस्ट्रीतल्या त्या ड्रायव्हरच्या कीमध्ये ‘स्टार्ट’ची किंमत ४ करतात. तिथे ० म्हणजे बूट, १ सिस्टिम, २ ऑटोमॅटिक, ३ मागणीनुसार, ४ बंद. ऑटोरन्स या मायक्रोसॉफ्टच्या साधनात ड्रायव्हर्सच्या पानावरची खूण काढल्यानेही हेच साधते. पण त्याआधी त्या ड्रायव्हरचे नाव ‘अपरफिल्टर्स’ किंवा ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदींत कुठे आहे का ते शोधावे. काही सुरक्षा प्रोग्रॅम डिस्क किंवा कीबोर्डच्या वर्गात आपले नाव टाकून ठेवतात. तिथे नाव ठेवून ड्रायव्हर बंद केला, तर पुढच्या बूटला कीबोर्ड मेलेला किंवा ०एक्स७बी, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. नोंदीतली बाकीची नावे तशीच ठेवून फक्त तेवढे एक नाव काढायचे.

ड्रायव्हर व्हेरिफायरचा (ड्रायव्हरांवर मुद्दाम ताण देणाऱ्या विंडोजच्या साधनाचा) मोह इथे टाळला. दोषी ड्रायव्हर कळतच नसेल तेव्हा ते हत्यार उपयोगी असते. चालत्या कामाच्या मशीनवर ते मुद्दाम क्रॅश घडवते आणि बूटच्या फेऱ्यात अडकवू शकते. वापरायचेच झाले, तर मायक्रोसॉफ्टचे सोडून फक्त बाहेरचे ड्रायव्हर निवडावेत आणि सेफ मोडमधून ‘व्हेरिफायर रीसेट’ करण्याची तयारी ठेवावी.

जुना ड्रायव्हर गेल्यावर बॅकअप हाताने लागोपाठ अनेकदा चालवला. काही झाले नाही. उरला प्रश्न बॅकअपच्या रॅन्समवेअरविरोधी फिल्टरचा. नव्या अँटिव्हायरसमध्ये तीच सोय आहे, आणि एकाच मशीनवर वर्तन तपासणारे दोघे ठेवण्यात फायदा फारसा नसतो, भांडणे मात्र नक्की. मेनूतून ती सोय बंद केली. एफएलटीएमसीत फिल्टर जिथल्या तिथे. पुन्हा तेच! शेवटी बॅकअप प्रोग्रॅमचे ‘मॉडिफाय’ इन्स्टॉलेशन चालवून तो घटकच वगळला, तेव्हा नाव यादीतून गेले.

रखडण्याचा हिशेब वेगळा

जुना ड्रायव्हर काढल्यावर रखडणे थोडे कमी झाले, थांबले नाही. लॉगिननंतर काम करता येईपर्यंत सहा मिनिटे लागत होती, आता पाच. हिशेबाचा प्रोग्रॅम उघडायला ४० सेकंद, आता ३४. क्रॅश आणि रखडणे एकाच प्रोग्रॅमशी जोडलेले असले, तरी कारण एकच असेल असे गृहीत धरू नये. इथे सकाळचे कारण वेगळे निघाले आणि दिवसभराचे वेगळे.

सकाळचे लवकर सापडले. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क पानावर लॉगिननंतर लगेच अँटिव्हायरसची सर्व्हिस सी ड्राइव्हवरचे फोल्डर क्रमाने वाचत होती. हा शेड्यूल केलेला पूर्ण स्कॅन. वेळ होती रात्री २ ची, मशीन रात्री बंद. ‘वेळ चुकली तर सुरू होताच करा’ ही खूण चालू असल्यामुळे तो रोज सकाळी उरकला जात होता, किंबहुना अर्धवट राहून पुन्हा दुसऱ्या दिवशी सुरू होत होता. पूर्ण स्कॅन आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, मशीन रिकामे असेल तरच, असा ठेवला. सुरुवातीची थोडी संथ गती तरी उरतेच. अँटिव्हायरस ‘स्वच्छ’ ठरलेल्या फाइल्सची आठवण ठेवतो आणि व्याख्यांचे (व्हायरस ओळखण्याच्या यादीचे) अपडेट आले की ती आठवण बहुधा रद्द होते. सकाळी पहिल्यांदा इंटरनेट मिळाले की अपडेट येते, मग प्रत्येक प्रोग्रॅमचे पहिले उघडणे महाग पडते.

हिशेबाच्या प्रोग्रॅमला जास्त वेळ द्यावा लागला, कारण मोजायचे कसे हाच प्रश्न होता. बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करून पाहिले, तर त्याला ‘अँटिव्हायरस नसतानाची’ वेळ म्हणता येत नाही. विंडोज ११ मध्ये दुसऱ्याची नोंदणी गेली की डिफेंडर आपोआप जागा होतो. (सर्व्हर विंडोजमध्ये उलट खोड आहे: तिथे दुसरा अँटिव्हायरस टाकला तरी डिफेंडर स्वतःहून बाजूला होत नाही, आणि दोघे एकत्र चालत राहतात.) प्रोसेस मॉनिटर या फाइलच्या मागण्या नोंदवणाऱ्या साधनाचीही एक मर्यादा आहे. त्याचा स्वतःचा फिल्टर ३८५२०० वर, म्हणजे अँटिव्हायरसच्या वर बसतो. त्यामुळे फाइल उघडायला एकूण किती वेळ लागला ते तो ‘ड्युरेशन’च्या रकान्यात दाखवतो, पण अँटिव्हायरसने खाली स्वतःसाठी केलेले वाचन त्याला दिसत नाही. रकाना उघड करून उतरत्या क्रमाने लावला, तर वर आल्या त्या हिशेबाच्या डेटा फोल्डरातल्या फाइल्स. बंद करण्याच्या आणि उघडण्याच्या मागण्या सर्वांत संथ.

मग डिफेंडर जागा होतो या अडचणीचाच उपयोग केला. डिफेंडरकडे मोजमापाचे स्वतःचे साधन आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पॉवरशेलमध्ये ‘न्यू-एमपीपरफॉर्मन्सरेकॉर्डिंग’ ही कमांड ‘रेकॉर्डटू’ देऊन सुरू करायची, रखडणारे काम करायचे, एंटरने थांबवायचे आणि ‘गेट-एमपीपरफॉर्मन्सरिपोर्ट’ला ‘टॉपफाइल्स’ व ‘टॉपप्रोसेसेस’ हे पर्याय देऊन यादी घ्यायची. तिथेही तोच फोल्डर वर आला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिने एकाच फोल्डरात अडखळत असतील, तर इंजिन बदलून हाती काही लागत नाही.

त्या फोल्डरात हजारो लहान फाइल्स होत्या, एक लॉग होता जो दर नोंदीला उघडून, ओळ लिहून, बंद केला जात होता, आणि मागच्या वर्षांचे एक मोठे कॉम्प्रेस केलेले संग्रह-बाड होते. बदललेली फाइल बंद झाली की ती पुन्हा तपासायची, हा अँटिव्हायरसचा नियम. जी फाइल मिनिटाला दहादा बदलते ती ‘स्वच्छ’ म्हणून कधी लक्षातच राहत नाही. वर नव्या अँटिव्हायरसमध्ये ‘उघडताना संग्रहाच्या आत तपासा’ हा पर्याय चालू होता, म्हणजे ते बाड दर वेळी आतून चाळले जात होते.

उपाय दोन. संग्रहाच्या आतली तपासणी फक्त शेड्यूल स्कॅनपुरती ठेवली. आतली धोकादायक फाइल बाहेर काढली जाईल तेव्हा ती तपासली जातेच. आणि डेटा फोल्डर एक्सक्लूजनमध्ये (तपासणीतून वगळण्याच्या यादीत) घातला. एक्सक्लूजन देताना हात आखडता असावा. संपूर्ण सी ड्राइव्ह, टेम्प, डाउनलोड्स, वापरकर्त्याचा अ‍ॅपडेटा, किंवा ईएक्सई-डीएलएल असली एक्स्टेन्शन्स कधीही वगळू नयेत. घुसखोर नेमक्या याच जागा शोधतो. इथे प्रोग्रॅमचा फोल्डर वगळला नाही, फक्त डेटाचा, तोही त्यातल्या डेटा फाइल्सच्या एक्स्टेन्शनपुरता. त्या फोल्डरात कोणी ईएक्सई आणून टाकली तर ती तपासली जाईल.

फोल्डरऐवजी प्रोसेस वगळण्याचाही पर्याय असतो आणि त्याबद्दल गैरसमज फार. डिफेंडरमध्ये प्रोसेस वगळली, म्हणजे ती प्रोसेस ज्या फाइल्स उघडते त्या रिअल-टाइममध्ये तपासल्या जात नाहीत. त्या प्रोसेसची स्वतःची ईएक्सई वगळली जात नाही आणि शेड्यूल स्कॅनला हे एक्सक्लूजन लागू नाही. नुसते नाव दिले, तर त्याच नावाने दुसरीकडून चालवलेली ईएक्सईही सवलत मिळवते. म्हणून पूर्ण पाथ द्यावा.

यानंतर लॉगिनपासून कामापर्यंत पावणेदोन मिनिटे, प्रोग्रॅम उघडायला ११ सेकंद. दहा हजार लहान फाइल्सचा फोल्डर रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करण्याच्या कमांडने आधी आणि नंतर कॉपी करून पाहिला. रोबोकॉपी शेवटी वेळेचा तक्ता देते, स्टॉपवॉच लागत नाही. पहिली फेरी सोडून द्यावी, ती कॅशमुळे फसवी असते.

हीच लक्षणे, वेगळी कारणे

अनेक संगणक एकाच तासात पडले, तर स्थानिक ड्रायव्हरच्या मागे लागू नये. व्याख्यांचे किंवा विंडोजचे अपडेट पाहावे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफीच्या ५९५८ क्रमांकाच्या व्याख्येने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही सिस्टिम फाइलच व्हायरस ठरवली होती. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरचे विंडोज अपडेट काही अँटिव्हायरसशी जुळेना आणि ब्लू स्क्रीन येऊ लागले. तेव्हा अँटिव्हायरसने सुसंगतीची रजिस्ट्री की लिहिल्याशिवाय मायक्रोसॉफ्टने अपडेटच द्यायचे थांबवले होते.

मशीन रीस्टार्टनंतर चांगले आणि दिवसागणिक जड होत असेल, तर स्टॅक सोडून पूल (कर्नल आणि ड्रायव्हर वापरतात तो मेमरीचा साठा) बघावा. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’ रोज चढत जातो का ते लिहून ठेवावे. चढत असेल तर पूलमॉन या साधनात ‘बी’ दाबून बाइटनुसार क्रम लावावा, वर येणारा चार अक्षरी टॅग टिपावा आणि ड्रायव्हर्स फोल्डरात ‘फाइंडस्ट्र’ने तो टॅग कोणत्या फाइलमध्ये आहे ते शोधावे. या मशीनवर पूल स्थिर होता, म्हणून ती वाट सोडली.

नवा ड्रायव्हर कधी बसला ते सिस्टिम लॉगमधल्या ७०४५ क्रमांकाच्या नोंदीत सापडते. प्रोग्रॅमने न विचारता काही घातले असेल तर तारखेसह दिसते. बॅकअप प्रोग्रॅमच्या पुढच्या मोठ्या अपडेटनंतर ही नोंद आणि एफएलटीएमसीची यादी दोन्ही पाहावी लागतील. वगळलेला घटक अपडेटसोबत परत येणे नवीन नाही. हिशेबाच्या प्रोग्रॅमची आवृत्ती बदलली आणि डेटाचा पाथ बदलला, तर एक्सक्लूजनही हलवावे लागेल आणि जुने पुसावे लागेल.

एक गोष्ट सुधारली नाही. मागच्या वर्षांचे बाड उघडायला अजूनही २० सेकंदांच्या आसपास लागतात. नेटवर्क तोडून, सेफ मोडमध्ये, एकही अँटिव्हायरस फिल्टर नसताना तेच बाड उघडून पाहिले तर वेळ जवळपास तेवढाच. तिथे प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण भरलेला दिसतो, डिस्क रिकामी. हा वेळ बाड उलगडण्याचा आहे, आणि ते वर्षवार तुकड्यांत वाटण्याचे काम हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमधून करायचे आहे.